लुईस बारागान यांच्या कागदांवर कोणाचा हक्क?

मेक्सिकोचे वास्तुविशारद लुईस बारागान यांचे 22 नोव्हेंबर 1988 रोजी मेक्सिको सिटीत निधन झाले आणि मृत्युपत्रानुसार त्यांच्या संचिताचे भाग निरनिराळ्या हाती गेले. खासगी ग्रंथसंग्रह ग्वादालाहारा येथील त्यांचे जुने मित्र व वास्तुविशारद इग्नासियो दियास मोरालेस यांच्याकडे सोपवण्यात आला. कामाचे कागद, म्हणजे रेखाचित्रे, छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि काही प्रतिकृती, त्यांवरील हक्कांसह व्यवसायातले भागीदार राउल फेरेरा यांना मिळाले. फेरेरा 1993 मध्ये वारले, त्यांच्या पत्नीने तो संग्रह न्यूयॉर्कमधील एका कलाव्यापाऱ्यामार्फत विक्रीस काढला आणि 1995 मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हिट्रा या फर्निचर कंपनीचे प्रमुख रोल्फ फेलबाउम यांच्या पुढाकाराने तो विकत घेतला गेला. पुढे बाझेलजवळच्या बिर्सफेल्डेन येथे बारागान प्रतिष्ठान उभे राहिले, इटालियन वास्तु-इतिहासकार फेदेरिका झान्को यांनी त्याची धुरा सांभाळली आणि सुमारे 13,500 रेखाचित्रे व हजारो छायाचित्रे व निगेटिव्ह यांचा हा ठेवा ज्या भूमीत तो निर्माण झाला तिच्यापासून एका महासागराच्या अंतरावर स्थिरावला.

या घटनेवर गेली तीस वर्षे वाद चालू आहे आणि तो बहुतेक वेळा एकाच मागणीवर येऊन थांबतो: संग्रह मेक्सिकोला परत द्या. या मागणीमागची वेदना मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही माझे मत असे आहे की तिने वादाला चुकीच्या जागी नेऊन ठेवले. कागद कोणत्या देशाच्या कपाटात आहेत याहून मोठा प्रश्न हा आहे की ते उघडून पाहण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा आणि त्यांच्याविषयी लिहिताना त्या प्रतिमा छापण्याचा अधिकार कोणाला आहे. मालकी खासगी असू शकते, परदेशीही असू शकते. वाचण्याचा अधिकार मात्र मालकीच्या पोटात नाहीसा होता कामा नये. आणि ज्या राज्यसंस्थेने हा अधिकार वेळीच कायद्याने राखून ठेवला नाही, तिचा दोष खरेदीदाराच्या दोषाहून मोठा आहे.

हा केवळ मानाचा प्रश्न नाही, हे समजण्यासाठी बारागान कसे काम करत ते आधी पाहावे लागते. 1902 मध्ये ग्वादालाहारात जन्मलेला हा माणूस शिक्षणाने अभियंता होता; वास्तुकला तो प्रवासातून, बागांतून, मित्रांच्या सहवासातून आणि स्वतःच्या धर्मनिष्ठेतून शिकला. 1980 मध्ये वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले तेव्हा ते मिळवणारे ते केवळ दुसरे वास्तुविशारद होते, आणि त्यांनी बांधलेल्या इमारतींची संख्या त्या मानाने थोडी होती. ताकुबाया भागातले 1948 चे स्वतःचे घर, त्लाल्पान येथील कॅपुचिन जोगिणींचे प्रार्थनामंदिर, लास आर्बोलेदासमधील लांब पाणवठा आणि निळी भिंत, सान क्रिस्तोबालची घोड्यांची पागा, आणि उतारवयातले हिलार्दी कुटुंबाचे घर, अशी मोजकी नावे पुन्हा पुन्हा घेतली जातात. या वास्तूंचा जीव भिंतीच्या जाडीत, प्रकाश कोणत्या बाजूने आत येतो यात आणि रंगात आहे. रंगाचा निर्णय बारागान आराखड्यावर घेत नसत. बांधकाम उभे राहिल्यावर रंगवलेले मोठे फलक भिंतींशी धरून, दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी पाहून, चित्रकार मित्र चुचो रेयेस यांच्याशी बोलून ते रंग ठरवत आणि पुढे पुष्कळदा बदलतही.

अशा वास्तुविशारदाच्या बाबतीत इमारत जागेवर उभी आहे एवढ्यावर आपल्याला तिचे सगळे कळते असे म्हणता येत नाही. ताकुबायाच्या घरावरची गच्ची घ्या. तिच्या भिंतींची उंची आणि रंग वर्षानुवर्षे बदलत गेले, आणि आज त्या भिंतींना पुन्हा रंग द्यायचा झाला तर कोणत्या वर्षीचा रंग खरा मानायचा हा प्रश्न संवर्धकासमोर उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जुनी छायाचित्रे लागतात, विशेषतः आर्मांदो सालास पोर्तुगाल यांची, ज्यांनी 1940 च्या दशकापासून बारागान यांच्यासोबत काम केले आणि ज्यांच्या चौकटी ठरवण्यात स्वतः बारागान यांचा हात असे. बारागान यांच्या वास्तूंच्या या छायाचित्रांवरील हक्कही पुढे त्याच स्विस प्रतिष्ठानाने मिळवले. म्हणजे घर मेक्सिकोत आहे, 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि ते घर समजून घेण्याची साधने दुसऱ्या खंडात, दुसऱ्या मालकाकडे आहेत.

एल पेद्रेगालचे उदाहरण याहून बोलके आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला शितले ज्वालामुखीच्या लाव्हाने झाकलेले खडकाळ माळरान होते, ज्याला लोक निरुपयोगी समजत. 1945 पासून बारागान यांनी तिथे जमीन घेऊन, खडक न फोडता, लाव्हाच्या भिंती आणि बागा यांच्या आधाराने नवी वसाहत आखली. आज तिथली मूळ घरे मोठ्या प्रमाणात पाडली गेली आहेत किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत, आणि जे नाहीसे झाले त्याचा पुरावा प्रामुख्याने कागदावर उरला आहे. हे कागद आणखीही काही सांगतात. बारागान यांची जनमानसातली प्रतिमा एकांतप्रिय, संन्यस्त कवीची आहे. पेद्रेगालमधले बारागान मात्र जमिनीचे व्यवहार करणारे, जाहिराती काढणारे, भूखंडांच्या विक्रीचा हिशेब ठेवणारे व्यावसायिकही होते. ही दोन्ही रूपे एकाच माणसाची आहेत, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय विसाव्या शतकाच्या मध्यावर मेक्सिको सिटी कशी वाढली, त्या वाढीत सौंदर्यदृष्टी आणि पैसा यांची गाठ कशी पडली, हे कोणालाही नीट सांगता येणार नाही.

मेक्सिको सिटीजवळच्या सातेलिते येथील पाच मनोऱ्यांचे श्रेय बारागान आणि शिल्पकार माथियास गेरित्स यांच्यात कसे वाटायचे, यावरून त्या दोघांमध्ये कायमची कटुता आली. अशा वादाचा निर्णय इतिहासकाराने टिपणे, तारखा आणि पत्रे तपासून करायचा असतो. ज्या संस्थेची प्रतिष्ठा एका पक्षाच्या नावाशी बांधलेली आहे तिच्याच ताब्यात त्या पक्षाचे सर्व कागद असतील आणि कोणी काय पाहावे हेही तीच ठरवत असेल, तर त्या संस्थेचा हेतू कितीही शुद्ध असला तरी ही व्यवस्था सदोष आहे. संग्रह ज्याच्या हाती असतो तो बारागान यांची कोणती कथा जगाला सांगितली जाईल हेही नकळत ठरवत असतो.

आता हा ठेवा देशाबाहेर कसा गेला ते पाहू. मेक्सिकोत 1972 पासून पुरातत्त्वीय, कलात्मक आणि ऐतिहासिक स्मारकांविषयीचा संघराज्याचा कायदा आहे आणि त्याखाली रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस, फ्रिदा काहलो अशा चित्रकारांच्या कलाकृतींना कलात्मक स्मारकाचा दर्जा देऊन त्यांच्या निर्यातीवर बंधने घातली गेली. बारागान यांच्या घरालाही 1988 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, हा दर्जा मिळाला. भिंतींना संरक्षण मिळाले, पण त्या भिंती ज्या कागदांवर जन्मल्या त्यांना मिळाले नाही. पुढे हालिस्को राज्याचे सरकार आणि ग्वादालाहारातील वास्तुकला प्रतिष्ठान यांनी मिळून घर विकत घेतले आणि 1994 मध्ये त्याचे संग्रहालय झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच सुमारास कागद विक्रीला आले असताना कोणत्याही मेक्सिकन सार्वजनिक संस्थेने ते घेतले नाहीत. डिसेंबर 1994 मध्ये पेसोचे मूल्य कोसळले आणि देश मोठ्या आर्थिक संकटात सापडला, हे त्या काळाचे वास्तव होते. तरीही मला हे कारण पुरेसे वाटत नाही. पैसा नसतानाही राज्य दोन गोष्टी करू शकते: बाहेर जाण्यापूर्वी प्रथम खरेदीचा हक्क राखू शकते, आणि संग्रह बाहेर जाणारच असेल तर त्याची संपूर्ण प्रत देशात ठेवण्याची अट घालू शकते. वास्तुविशारदाचे कागद हा वारशाचा प्रकार आहे, हेच त्या वेळी कायद्याच्या दृष्टीला दिसले नाही.

हे अशक्य नव्हते याचा दाखला बारागान यांच्याच एका मित्राच्या बाबतीत मिळतो. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेमुळे आपल्याला परिचित असलेले अमेरिकन वास्तुविशारद लुई कान 1974 मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले, आणि त्यांचे कागद धनकोंच्या किंवा व्यापाऱ्यांच्या हाती जाऊन विखुरण्याची भीती होती. पेनसिल्व्हेनिया राज्याने सार्वजनिक पैशातून तो संग्रह विकत घेतला आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या देखरेखीखाली ठेवला. कान यांनी 1966 मध्ये कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेच्या दोन इमारतींमधल्या जागेविषयी बारागान यांचा सल्ला घेतला होता. कान यांच्या मनात तिथे झाडे होती. बारागान यांनी एकही झाड न लावता दगडी चौक ठेवावा आणि आकाशालाच दर्शनी भिंत होऊ द्यावे असे सुचवले. वास्तुकलेच्या इतिहासातला हा एक मोठा क्षण आहे आणि त्या संवादाची एक बाजू आपल्याला सार्वजनिक संग्रहामुळे नीट अभ्यासता येते. दुसरी बाजू तितकीच सहज अभ्यासता आली असती तर किती बरे झाले असते.

स्विस प्रतिष्ठानाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. संग्रह तुकड्यातुकड्यांनी लिलावात गेला असता तर आज एखादे रंगीत पेन्सिलीचे रेखाटन एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात असते आणि पत्रे कुठे आहेत हे कोणालाच सांगता आले नसते. तो अखंड राहिला, त्याची सूची झाली आणि त्याची भौतिक काळजी घेतली गेली. हे काम दिसते तितके सोपे नाही. ट्रेसिंग पेपर वयानुसार पिवळा आणि ठिसूळ होतो, अमोनिया प्रिंट उजेडात फिकट पडत जाते, जुन्या ब्ल्यूप्रिंटचा निळा रंग क्षारयुक्त कागदाच्या वेष्टनात ठेवल्यास उडतो, आणि अॅसिटेटच्या निगेटिव्ह उष्ण हवेत स्वतःच कुजू लागतात. थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोल्या, योग्य वेष्टने आणि जाणकार माणसे यांना दरवर्षी पैसा लागतो. हा खर्च एका खासगी मालकाने तीन दशके उचलला आहे.

पण मग काय राखले आणि कोणासाठी, हा प्रश्न उरतोच. दोन दशकांहून अधिक काळ हा संग्रह बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ बंद होता आणि सूचीकरण चालू असल्याचे कारण दिले जात असे. 2022 पासून तो जर्मनीतील वाइल आम राइन येथील व्हिट्रा डिझाइन संग्रहालयात आहे आणि संशोधकांना तो पाहण्याची सोय झाली आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. तरी ग्वादालाहारातील विद्यार्थ्याने त्यासाठी युरोपचा प्रवास करावा लागणे ही सोय म्हणता येत नाही, आणि प्रतिमा छापण्याच्या परवानगीचा मुद्दा त्याहून अवघड आहे. मेक्सिकोने 2003 मध्ये लेखाधिकाराची (कॉपीराइटची) मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर 100 वर्षांपर्यंत वाढवली. हेतू आपल्या कलावंतांच्या रक्षणाचा असेल, परंतु बारागान यांच्या बाबतीत हक्कच परदेशी प्रतिष्ठानाकडे असल्यामुळे परिणाम उलटा झाला: युरोपात 2058 च्या अखेरीस हे हक्क संपतील, आणि त्यांच्या स्वतःच्या मायदेशात मात्र 2088 च्या अखेरपर्यंत टिकतील. देशाचा कायदा देशाच्याच विद्यार्थ्याच्या वाटेत तीस वर्षे अधिक उभा राहणार आहे. संग्रह परत मागणाऱ्या निवेदनांमध्ये या विसंगतीचा उल्लेख क्वचितच दिसतो आणि मला ती या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट वाटते, कारण ती दुरुस्त करण्यासाठी कोणाचीही विनवणी करावी लागत नाही. मेक्सिकोची संसद पुरेशी आहे.

जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वळले ते अमेरिकन कलावंत जिल मॅगिड यांच्यामुळे. त्यांनी 2015 मध्ये बारागान यांच्या कुटुंबीयांच्या व हालिस्को सरकारच्या संमतीने ग्वादालाहारातील त्यांच्या अस्थिकलशातून 525 ग्रॅम रक्षा काढली, तिच्यापासून 2.02 कॅरेटचा हिरा घडवून घेतला, तो अंगठीत बसवला आणि 2016 मध्ये झान्को यांच्यासमोर ठेवून बदल्यात संग्रह मेक्सिकोत खुला करण्याचा प्रस्ताव मांडला. संग्रह झान्को यांना फेलबाउम यांच्याकडून विवाहाची भेट म्हणून मिळाला अशी कथा प्रचलित होती आणि अंगठीचा रोख तिच्याकडे होता. मेक्सिकोतील अनेक विचारवंतांनी रक्षा काढण्याला तीव्र विरोध केला. माझाही विरोध आहे आणि तो धार्मिक भावनेपुरता नाही. या कृतीने सार्वजनिक हक्काचा प्रश्न प्रेम, मत्सर आणि मृत्यू यांच्या खासगी नाट्यात रूपांतरित केला. वर्तमानपत्रांना हिरा मिळाला आणि प्रथम खरेदीचा हक्क, प्रतींची अट, लेखाधिकाराची मुदत हे नीरस पण निर्णायक विषय बातमीतून गळून पडले. मॅगिड यांचा हेतू प्रामाणिक होता हे मी मानतो. कागद कोणी वाचायचे हा प्रश्न मात्र त्या प्रस्तावानंतर जिथे होता तिथेच राहिला.

संग्रह परत आणला म्हणजे सगळे सुरळीत होईल असे मानणाऱ्यांनी मेक्सिकोच्याच दोन आठवणी जाग्या ठेवाव्यात. मार्च 1982 मध्ये मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आग लागली आणि हजारो चित्रपट सरकारी ताब्यात असताना जळाले. सप्टेंबर 1985 च्या भूकंपात मारियो पानी यांनी आखलेल्या त्लातेलोल्को वसाहतीतली नुएव्हो लेओन इमारत कोसळली आणि शेकडो माणसे दगावली. 2017 मध्ये शहर पुन्हा हादरले. भूकंपप्रवण शहरात एकुलती एक मूळ प्रत ठेवणे आणि तिची दुसरी प्रत कुठेही नसणे, हा धोका देशभक्तीने कमी होत नाही. आणि कागद स्वदेशात असले म्हणजे ते आपोआप वाचता येतात असेही नाही. पुण्यातले पेशवे दप्तर कधी पुण्याबाहेर गेले नव्हते, तरी इंग्रज सरकारच्या ताब्यातले ते रुमाल मराठी इतिहाससंशोधकांना अनेक दशके मोकळेपणाने सोडता आले नाहीत, गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 च्या दशकात निवडक कागदांचे 45 खंड निघाले तेव्हा कुठे त्या दप्तराचा मोठा भाग अभ्यासाच्या कक्षेत आला.

याच निकषावर चार्ल्स कोरिया यांच्या निर्णयाकडेही पाहता येते. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या, पणजीची कला अकादमी आणि मुंबईची कांचनजंगा उभारणाऱ्या कोरिया यांनी हयातीतच आपली 6,000 हून अधिक रेखाचित्रे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेला दिली, आणि 2013 मध्ये तिथे त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. अनेकांना ते खटकले आणि खटकणे स्वाभाविक होते. पण देणाऱ्याने स्वतः, विचारपूर्वक, अभ्यासकांना खुल्या असलेल्या संस्थेला दिलेला संग्रह आणि वारसाहक्काच्या अपघाताने बाजारात आलेला संग्रह यांत मूलभूत फरक आहे. दुखावे असे त्यात एकच आहे की कोरिया यांना भारतात तितकी भरवशाची सार्वजनिक जागा दिसली नाही. आपल्याकडचा पुरावस्तू आणि कलानिधी कायदाही 1972 चाच आहे. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा चित्रकारांच्या कृती त्याने देशाबाहेर जाण्यापासून रोखल्या आहेत, आणि मेक्सिकोच्या कायद्याप्रमाणेच त्यालाही वास्तुविशारदाचे रेखाटन अजून दिसलेले नाही.

मेक्सिकोत आज हा प्रश्न एकट्या बारागान यांचा राहिलेला नाही. वास्तुविशारद फेलिक्स कांदेला यांच्या कागदांचे महत्त्वाचे भाग प्रिन्स्टन आणि कोलंबिया या अमेरिकन विद्यापीठांत आहेत. रिकार्दो लेगोरेता 2011 मध्ये, पेद्रो रामिरेस वास्केस 2013 मध्ये आणि तेओदोरो गोन्सालेस दे लेओन 2016 मध्ये गेले. एका संपूर्ण पिढीची कार्यालये वारसांच्या हाती येत आहेत आणि प्रत्येक वारसासमोर भाडे, ओलावा आणि खरेदीदार हेच तीन विषय असणार आहेत. राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विद्याशाखेत मेक्सिकन वास्तुविशारदांचा अभिलेखसंग्रह आहे. त्याला कायम निधी, शीतगृहे आणि खरेदीसाठी राखीव रक्कम मिळाली, तर घरोघरी पडलेली ही दप्तरे व्यापाऱ्याच्या आधी विद्यापीठाच्या दारात येऊ शकतील.

बारागान संग्रहाबाबत मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्रालयाने मागायची गोष्ट स्पष्ट आणि साध्य होण्याजोगी आहे. मूळ कागद वाइल आम राइन येथेच राहू द्यावेत. त्यांची संपूर्ण, उच्च प्रतीची डिजिटल प्रत पत्रव्यवहारासकट ताकुबायाच्या घरात आणि विद्यापीठात ठेवावी. शिक्षण, संशोधन आणि संवर्धन यांसाठी प्रतिमा वापरण्यास शुल्क आणि पूर्वपरवानगी नसावी. आणि ज्या वास्तू अजून उभ्या आहेत त्यांच्या दुरुस्तीसाठी मूळ रेखाचित्रे ठरावीक मुदतीने मेक्सिकोत पाहण्यास यावीत. प्रतिष्ठानाने गेल्या काही वर्षांत दार किलकिले केले आहे, त्यामुळे या बोलणीला आज 1995 पेक्षा किंवा 2016 पेक्षा अधिक आशा आहे. त्याच वेळी संसदेने लेखाधिकार कायद्यात मृत वास्तुविशारदांच्या कागदांसाठी शैक्षणिक वापराचा अपवाद घालावा, म्हणजे बोलणी फिसकटली तरी निदान मेक्सिकोतल्या अभ्यासकाला 2088 ची वाट पाहावी लागणार नाही.